क्रूझवर जाताना मास्क स्वतःचा, बाकीचं बॅगेत मावेल तसं

टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदराहून कॅरिबियनला जाणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझचं बुकिंग झालं की घरात दोन वाद ठरलेले. पहिला, बाल्कनीची केबिन घ्यायची की आतली. दुसरा, स्नॉर्केलिंगचं (तोंडात नळी धरून, पाण्यावर तरंगत खालचे मासे बघायचं) सामान विकत घ्यायचं की "तिथे मिळतंच की भाड्याने".

मिळतं, खोटं नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मी पहिल्यांदा समुद्रात डोकं घातलं ते भाड्याच्याच मास्कमधून. मास्क नाकापाशी गळत होता, पट्टा कुणा पैलवानाच्या डोक्याला बसेल एवढा सैल होता, आणि चष्मा बोटीत काढून ठेवल्यामुळे मासे म्हणजे नुसते रंगीत डाग. बरोबरची मंडळी "तो बघ, तो बघ" करत होती आणि मी दर दोन मिनिटांनी मास्कमधलं पाणी काढत होते. त्यानंतर ह्यूस्टनला आल्यावर तीन क्रूझ झाल्या, एकदा सांगलीहून आलेल्या आई-बाबांना घेऊन. त्यातून पक्कं झालेलं मत आधीच सांगते: मास्क स्वतःचाच हवा. स्नॉर्कल, म्हणजे श्वासाची नळी, स्वतःची असली तर बरं. फिन्स, म्हणजे पायात घालायची पाती, आणि बाकीचं सगळं बॅगेत जागा उरली तर.

आधी बंदरं मोजा

खरेदीला निघण्याआधी क्रूझचा कार्यक्रम समोर घ्या आणि खरोखर किती दिवस पाण्यात उतरणार ते बघा. गॅल्व्हेस्टनची जहाजं बहुधा मेक्सिकोतलं कोझुमेल बेट, होंडुरासचं रोआतान बेट, मेक्सिकोतलंच कोस्टा माया, बेलीझ यांतल्या दोन-तीन ठिकाणी थांबतात. त्यातल्या एका दिवशी माया संस्कृतीचे अवशेष बघणार, एका दिवशी खरेदी करणार, तर पाण्याचा दिवस एकच उरतो. तेवढ्यासाठी फिन्स वाहून नेऊ नका. दोन किंवा जास्त दिवस असतील तर पूर्ण संच नेण्यात अर्थ आहे.

बंदर कसं आहे हेही बघा. कोझुमेलला जहाज धक्क्याला लागतं, उतरून सरळ चालत जाता येतं. बेलीझ सिटी किंवा ग्रँड केमनला जहाज खोल पाण्यात थांबतं आणि छोट्या टेंडर बोटीतून किनाऱ्यावर नेतात. त्या गर्दीत चार जणांच्या लांबलचक फिन्सची पिशवी सांभाळणं म्हणजे सणासुदीला लोकलमध्ये सतरंजी घेऊन चढण्यासारखं आहे. ग्रँड केमनला स्टिंगरे माशांसाठी प्रसिद्ध असलेल्या वाळूच्या पट्ट्यावर तर पाणी जेमतेम कमरेएवढं असतं, आणि तिथे उथळ पाण्यात पायात काही घालून उभं राहायला मनाई आहे. तिथे मास्क पुरतो.

मास्क निवडताना

मास्कचं माप कपाळावर लिहिलेलं नसतं, त्यामुळे तो चेहऱ्याला लावूनच घ्यावा लागतो. जमलं तर डायव्हिंगच्या दुकानात जा. ऑनलाइन घेणार असाल तर परत करता येईल असाच घ्या. परीक्षा अशी करायची: पट्टा डोक्याच्या मागे न टाकता समोर सोडा. केस कपाळावरून पूर्ण मागे घ्या. मास्क चेहऱ्यावर हलकेच टेकवा, नाकाने अगदी थोडा श्वास आत घ्या आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला, तर तो तुमचा. जोराने श्वास ओढू नका. जोर लावला की जवळजवळ कुठलाही मास्क चिकटतो आणि मग पाण्यात गेल्यावर फसवतो. हीच परीक्षा स्नॉर्कल तोंडात धरूनही करा, कारण ओठ पुढे आले की गालांचा आकार बदलतो आणि मघाशी बसलेला मास्क ओठांच्या वर उचलला जातो.

मिशीवाल्यांसाठी वेगळा परिच्छेद हवाच. मास्कची खालची कड बरोबर नाकाखाली, म्हणजे मिशीच्याच जागेवर बसते, आणि केसांतून पाणी आत झिरपतं. बाबांना मी सुचवलं, मिशी थोडी बारीक करा. चाळीस वर्षांची मिशी माशांसाठी उतरवणार नाही म्हणाले. शेवटी नाकाखालची रेघभर कातरली, बाकीची तशीच, आणि गळती बरीचशी थांबली. काही जण तिथे व्हॅसलिन लावतात. त्यापेक्षा डायव्हिंगच्या दुकानात मिळणारं सिलिकॉन ग्रीस बरं. थोडं पाणी तरीही येणारच. ते काढायची रीत शिकून घ्या: मान किंचित वर, मास्कची वरची कड बोटांनी कपाळावर दाबायची, आणि नाकाने जोरात हवा सोडायची. पाणी खालून निघून जातं.

खरेदी करताना तीन गोष्टी बघा. काच टेम्पर्ड, म्हणजे ताकद वाढवलेली, असावी, तसं काचेवर कोरलेलं असतं. चेहऱ्याला टेकणारा भाग मऊ सिलिकॉनचा असावा, खेळण्यांच्या दुकानातला कडक प्लास्टिकचा नको. आणि नाकासाठी वेगळा कप्पा असावा, म्हणजे पाण्याखाली गेल्यावर नाक चिमटीत धरून कानातला दाब मोकळा करता येतो. पोहण्याचा साधा गॉगल चालत नाही तो यासाठीच. त्यात नाक बाहेर राहतं. ४० ते ८० डॉलरांत उत्तम मास्क मिळतो. त्यापुढचे पैसे बहुधा रंगाचे आणि नावाचे.

चष्मा असेल तर

चष्म्याच्या काड्या मास्कच्या कडेखाली येतात आणि पाणी आत घेतात, म्हणून चष्मा घालून मास्क लावता येत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स घालून समुद्रात उतरणारे पुष्कळ आहेत, पण पाणी डोळ्यांत गेलं तर संसर्गाची भीती राहते. तरीही लेन्सच वापरणार असाल तर एका दिवसाच्या, फेकून द्यायच्या घ्या आणि बाहेर आल्यावर लगेच काढा.

यापेक्षा सोपी सोय म्हणजे दोन काचांचा मास्क, ज्यात नंबरच्या तयार काचा बसवून मिळतात. या काचा बहुधा अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्याने येतात, आणि त्यांत सिलिंड्रिकल नंबर (चिठ्ठीत 'CYL' खाली लिहिलेला) नसतो. तेव्हा छोटा हिशेब करायचा: सिलिंड्रिकल नंबरच्या निम्मा, मुख्य नंबरात मिळवायचा. समजा चष्मा उणे ३, सिलिंड्रिकल उणे १, तर काच उणे साडेतीनची. मधला नंबर आला तर कमी नंबराची घ्या; पाण्याखाली सगळं मुळातच साधारण एक तृतीयांश मोठं आणि जवळ दिसतं, त्यामुळे थोडा कमी नंबर चालून जातो. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. पहिल्यांदा नंबराचा मास्क लावून मी रोआतानला वेस्ट बेच्या किनाऱ्यावरून पाण्यात उतरले, तिथे प्रवाळ अगदी जवळच सुरू होतात. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो तेव्हा खडीसाखर चावल्यासारखा आवाज येतो हे ऐकून माहीत होतं. तो दिसला त्या दिवशी.

नंबराचा मास्क करायला वेळ लागतो, म्हणून हे काम निघण्याच्या महिनाभर आधी.

स्नॉर्कल, आणि पूर्ण चेहऱ्याचा मास्क का नको

नवख्यांनी 'ड्राय टॉप' स्नॉर्कल घ्यावी. तिच्या टोकाला तरंगती झडप असते, लाट आली की ती बंद होते. तोंडाजवळ खाली आणखी एक झडप असेल तर आत आलेलं पाणी फुंकर मारून काढता येतं. तोंडात धरायचा भाग सिलिकॉनचा आणि आपल्या जबड्याला शोभेल एवढा असावा. मोठा असला तर अर्ध्या तासात जबडा दुखायला लागतो. नळी जास्त लांब घेऊन फायदा नाही. सोडलेली हवा नळीतच साठते आणि पुन्हा आत येते, म्हणून लांब नळी उलट त्रास देते.

सगळा चेहरा झाकणारे मास्क दिसायला आकर्षक असतात, नाकाने श्वास घेता येतो म्हणून घाबरणाऱ्यांना आवडतातही. मी ते कुणाला सुचवत नाही. बनावट हलकी असली तर सोडलेला कार्बन डायऑक्साइड आतच फिरत राहतो, पाणी शिरलं तर नळी थुंकून टाकावी तसं ते चटकन काढता येत नाही, आणि नाक चिमटीत धरता येत नाही. बरेच बोटवाले ते घालू देत नाहीत.

साठीच्या पुढच्या मंडळींना घेऊन जाणार असाल तर हे वाचा. हवाईमध्ये स्नॉर्केलिंग करताना झालेल्या मृत्यूंचा अभ्यास झाला. त्यात असं दिसलं की अनेक जण पाणी नाकातोंडात जाऊन बुडाले नव्हते. नळीतून श्वास ओढताना होणाऱ्या अडथळ्यामुळे फुप्फुसांत पाणी साठलं असण्याची शक्यता मोठी होती. हृदयाचे आजार आणि पाण्यात केलेली दमछाक यांनी धोका वाढतो. म्हणून रक्तदाब, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. स्नॉर्कल विकत घेतली की घरी खुर्चीत बसून पाच मिनिटं तिच्यातून श्वास घेऊन बघा. ओढावं लागत असेल तर ती परत करा. आणि पाण्यात धाप लागली, तर "थोडं थांबू, बरं वाटेल" करायचं नाही: नळी तोंडातून काढा, पाठीवर उलटा, हात वर करा, बाहेर या.

तरंगण्याची सोय

बाबा लहानपणी कृष्णेत पोहायला शिकले ते पाठीला भोपळा बांधून. त्यामुळे स्नॉर्केलिंगचं फुगवता येणारं जाकीट बघून त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "हा तर भोपळाच की, फक्त पुढे बांधलेला." पोहता येत असो वा नसो, क्रूझच्या सहलींवर तरंगण्याचं जाकीट बहुधा सक्तीचं असतं आणि बोटवाले देतात. स्वतःचं नेलं तर फायदा एवढाच की तोंडाने फुंकून हवा हवी तेवढी भरता येते, आणि रिकामं असताना ते शर्टासारखं घडी होतं. मात्र हे जीवरक्षक जाकीट नव्हे. ज्यांना अजिबात पोहता येत नाही त्यांनी बोटीवरचं जाडजूड फोमचंच घ्यावं. ते अवघडल्यासारखं वाटतं, पण उलटं होऊन तोंड पाण्यात जायची भीती कमी होते.

फिन्स: छोट्या, नाहीतर नाहीच

प्रवासासाठी छोट्या पात्याच्या फिन्स घ्या. लांब फिन्स केबिन बॅगेत मावत नाहीत. अमेरिकेतल्या बहुतेक विमानांत केबिन बॅगची लांबी २२ इंच, भारतातून येताना ५५ सेंटिमीटर आणि वजन अनेकदा ७ किलो. छोट्या फिन्सचंच वजन किलोभर तरी भरतं. टाच झाकणाऱ्या बुटासारख्या फिन्स उबदार पाण्याला पुरतात. दुपारी माप घ्या, कारण पाय दिवसभरात थोडे सुजतात. आत पातळ निओप्रीनचे (डायव्हिंग सूटच्या रबरी कापडाचे) मोजे घातले की टाचेला फोड येत नाहीत.

कोझुमेलला फिन्स उपयोगी पडतात, कारण पश्चिम किनाऱ्याला पाण्याला ओढ असते, साधारण दक्षिणेकडून उत्तरेकडे. बोट तुम्हाला एका ठिकाणी सोडते आणि प्रवाहाबरोबर वाहत गेलेल्यांना पुढे उचलते. पायात फिन्स असल्या की घोळक्यात राहणं सोपं जातं. पण फिन्स घालून प्रवाळावर उभं राहिलात तर शेकडो वर्षांचं काम मोडतं, एवढं ध्यानात असू द्या. कोझुमेलची ही प्रवाळरांग १९९६ पासून संरक्षित राष्ट्रीय उद्यान आहे आणि मेसोअमेरिकन प्रवाळरांगेचा भाग आहे. ती मोठी रांग जवळजवळ हजार किलोमीटर लांब आहे.

क्रीम कमी, कपडा जास्त

पाठीवर ऊन लागतं. मान, गुडघ्यामागचा भाग आणि पोटऱ्या विशेष भाजतात, आणि ते रात्री जेवायला बसल्यावर कळतं. लांब बाह्यांचा, यूपीएफ ५० (कापड ऊन किती अडवतं त्याचा आकडा) लिहिलेला रॅश गार्ड, म्हणजे पोहण्याचा अंगाबरोबरचा शर्ट, आणि घोट्यापर्यंतची तुमान घ्या. कोझुमेलच्या उद्यानात वाटाडे सनस्क्रीन लावू नका म्हणून सांगतात, त्यामुळे कपडाच कामाला येतो. चेहऱ्यासाठी झिंक ऑक्साइडचं क्रीम न्या. हवाईने १ जानेवारी २०२१ पासून प्रवाळांना अपायकारक मानले जाणारे ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आणली आहे. बाटलीवरच्या घटकांच्या यादीत ही दोन नावं नसलेलीच खरेदी करा. कपाळावर मात्र क्रीम अगदी कमी. घामाबरोबर ते मास्कमध्ये उतरतं आणि डोळे चरचरतात.

काच घासा, मग तलावात उतरा

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातून येताना सिलिकॉनचा न दिसणारा थर असतो. तो काढला नाही तर काहीही करा, काच धुकटतच राहते. साधी पांढरी टूथपेस्ट बोटावर घेऊन आतून गोल गोल घासा, धुवा, पुन्हा घासा, असं तीन-चार वेळा. जेल पेस्ट नको, आणि दंतमंजन तर अजिबात नको, काच ओरखडेल. काही लोक लायटरच्या ज्योतीने तो थर जाळतात. मी करत नाही, सिलिकॉनच्या कडेला ज्योत लागली की मास्क गेला.

त्यानंतर पाण्यात उतरताना दर वेळी बेबी शॅम्पूचा एक थेंब आतून चोळून हलकं धुतलं की काच स्वच्छ राहते. शॅम्पू नसेल तर थुंकी. ऐकून आईने नाक मुरडलं होतं, पण डायव्हर पिढ्यानपिढ्या तेच करत आलेत, आणि कोझुमेलला शॅम्पूची बाटली केबिनमध्ये विसरल्यावर तिनेही केलं.

निघण्याआधी दोन वेळा तरी गावातल्या किंवा सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात सगळं लावून बघा. उथळ भागात उभं राहून चेहरा पाण्यात, दहा श्वास, मग तरंगणं, मग मुद्दाम मास्कमध्ये पाणी घेऊन ते काढणं. भारतातून येणाऱ्या आई-वडिलांनाही निघण्याआधी एकदा तिकडेच सराव करायला सांगा. हे सगळं जहाजावरच्या छोट्या गर्दीच्या तलावात करू म्हणाल तर तिथे लोकांच्या कोपरांतून वाट काढावी लागते, आणि बऱ्याच जहाजांवर तलावात फिन्स-स्नॉर्कल चालत नाहीत.

बॅग भरताना

मास्क त्याच्या कडक डब्यातच ठेवा आणि डबा हातातल्या बॅगेत. नाकाचा भाग दबून चपटा झाला की बैठक बिघडते. डब्यातच मोजे, शॅम्पूची ५० मिलिलिटरची बाटली आणि पट्ट्याचा जादा बकल मावतो. फिन्स मोठ्या बॅगेच्या तळाशी सपाट ठेवा; पायाच्या खोलगटीत विकत घेताना आलेले प्लास्टिकचे साचे राहू द्या, नाहीतर गुंडाळलेले टी-शर्ट भरा. पाती वाकवून कोंबू नका. स्नॉर्कल फिन्सच्या मधोमध.

याशिवाय जाळीची पिशवी, पाणी न शिरणारी दहा लिटरची पिशवी, काही चुंबकी हुक आणि दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या. हुक कशाला? बहुतेक जहाजांच्या केबिनच्या भिंती लोखंडी असतात. बाथरूमबाहेर दोन हुक लावले की ओले कपडे आणि मास्क टांगता येतात. बाल्कनीच्या कठड्यावर काही वाळत घालू नका. वाऱ्याने उडतं, आणि तसं ठेवायला मनाईही असते.

पहिल्या दिवशी मोठी बॅग जहाजावर चढताना काढून घेतात आणि ती केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत पोचते. त्या दुपारी तलावात जायचं असेल तर पोहण्याचे कपडे हातातच ठेवा.

बंदरावरचा दिवस

जाळीच्या पिशवीत मास्क, स्नॉर्कल, फिन्स. पाणी न शिरणाऱ्या पिशवीत जहाजाचं कार्ड, ओळखपत्र, थोडे डॉलर, टॉवेल, सुका टी-शर्ट, औषधं. जहाजाचा टॉवेल हरवला तर पैसे कापतात, म्हणून मुलांकडे देऊ नका.

घड्याळाची एक गंमत आहे. कोझुमेलचं राज्य घड्याळं कधी पुढे-मागे करत नाही, रोआतानही नाही, टेक्सास मात्र करतं. जहाज गॅल्व्हेस्टनच्या वेळेवर राहिलं तर उन्हाळ्यात रोआतानला फोनमधली वेळ जहाजापेक्षा एक तास मागे दिसते. "अजून तासभर आहे" म्हणून पाण्यात राहिलात तर धक्क्यावरून जहाजाला हात हलवावा लागेल. मनगटावर साधं घड्याळ, जहाजाच्या वेळेवर लावलेलं.

पाण्यात एकट्याने उतरू नका. मासे, कासवं लांबून बघा. शंख, प्रवाळाचे तुकडे पिशवीत टाकू नका. परतताना तपासणी असते आणि अनेक देशांत ते नेणं गुन्हा आहे.

परत आल्यावर

केबिनच्या शॉवरखाली सगळं गोड्या पाण्याने धुवा, आधी वाळू बंदरावरच झटकून, नाहीतर नाळी तुंबते. मीठ राहिलं की झडपा चिकटतात आणि बकल कडक होतात. सावलीत वाळवा, कडक उन्हात सिलिकॉन आणि रबर दोन्ही लवकर जुनं होतं. गॅल्व्हेस्टनच्या क्रूझवर शेवटच्या बंदरानंतर बहुधा एक दिवस नुसता समुद्रात जातो, त्यात बरंच वाळतं. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवाव्या लागतात, तेव्हा जे ओलं असेल ते जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातात घ्या.

घरी आल्यावर मास्क आणि फिन्स एकाच पिशवीत कोंबून कपाटात टाकू नका. काळ्या रबराला टेकलेलं पारदर्शक सिलिकॉन महिन्याभरात पिवळं पडतं. माझा पहिला मास्क असाच पिवळा पडला, अजून गळत नाही म्हणून वापरतेय.